राहिलेला जोड

फ्यूजच्या डब्यात चौतीस खाचा होत्या. एकोणतीस भरलेल्या, पाच रिकाम्या. भरलेल्यांपैकी एकही फ्यूज उडालेला नव्हता. बॅटरीतून निघणाऱ्या जाड तारा दोन, गंज कुठे नाही. गाडी बंद, किल्ली खिशात, चारही दारं लावलेली. तरीही मधे घातलेला मीटर दाखवत होता की गाडी ०.२१ अँपिअर खाते आहे.

निजलेल्या गाडीने ०.०५ च्या वर जाऊ नये. घड्याळाच्या आणि कुलपाच्या पोटापुरतं तेवढं बास होतं.

बोनेटवर वाकलेल्या तिला आजूबाजूचे सगळे मीटरबाई म्हणत. नाव दादाने ठेवलं होतं. दादा तारेला छोटा दिवा लावून वायरिंग तपासणारा जुन्या वळणाचा, तर ही आकडा दिसल्याशिवाय पाण्याचा घोटही घेणार नाही, असा त्याचा टोमणा असे. दोघा भावंडांनी मिळून गाड्यांच्या वायरिंगचं हे दुकान चालवलं. दीड वर्षापूर्वी दादा झोपेतच गेला. आता दुकानावर ती एकटी होती, आणि समोर उभी होती ती दादाचीच गाडी.

"सापडलं का गं?" वहिनीने विचारलं. ती मघापासून टायरांच्या चळतीवर बसून होती. पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"काहीतरी खातंय. कोण ते बघायचंय."

"आठवडाभर उभी राहिली की बॅटरी मेलेलीच. पण बॅटरीचं मला काही नाही. तो दिवा तेवढा बंद कर."

दिव्याचं तिने आल्या आल्या सांगितलं होतं. दोन महिने झाले, तिन्हीसांजा झाल्या की अंगणात उभ्या गाडीतला छताचा दिवा आपोआप लागायचा. कुणी हात लावलेला नसायचा. दोन-तीन तास जळून पुन्हा आपोआप विझायचा. तिची सहा वर्षांची लेक चिमणी तो दिवा लागण्याआधीच खिडकीत जाऊन बसायची आणि विझेपर्यंत घास तोंडात घ्यायची नाही. बाबा बसलेत गाडीत, एवढंच म्हणायची.

"परवा ट्रक येणार सामान न्यायला," वहिनी म्हणाली. "तिकडे नोकरी ठरलीय, शाळा ठरलीय. उद्या सकाळी गाडी विकत घ्यायला माणूस येतोय. आणि ही म्हणते, बाबांना सोडून मी नाही यायची. आज तरी तो दिवा लागता कामा नये. नाहीतर ती तिथून हलायची नाही." पट्टा पुन्हा बोटाला गुंडाळला गेला. "आणि खरं सांगू? मीसुद्धा."

मीटरबाईने दारं उघडली, प्रत्येक दाराच्या कडीत पेचकस घालून ती फिरवली, म्हणजे दार उघडं असूनही गाडीला ते लागल्यासारखं वाटावं. गाडीला असं फसवल्याशिवाय ती झोपत नाही. मग आत हात घालून ती एकेक फ्यूज उपसत गेली. आकडा हलला की चोर सापडला, अशी साधी रीत. पंधरा फ्यूज निघाले, वीस निघाले. एकोणतिसावा निघाला तेव्हा डबा दात पाडलेल्या तोंडासारखा बोळका झाला होता आणि आकडा ०.२१ वरून ०.१९ वर आला होता.

म्हणजे चोर डब्यातून येत नव्हता. त्याने घराला मागून भोक पाडलं होतं.

जाड तारेवरचं वेष्टण तिने वीतभर सोललं आणि भोक सापडलं. एक बारीक तार थेट बॅटरीच्या तारेला जोडलेली, मधे फ्यूज नाही. जोडावरची टेप धुळीने राखाडी आणि कडक झालेली, डाव्या अंगाने गुंडाळलेली. टेपचं शेवटचं टोक आत दुमडून छोटंसं शेपूट ठेवलेलं.

"दादाचंच काम," ती म्हणाली.

दादा डावखुरा होता. आणि ते शेपूट तो नेहमी ठेवायचा. जोड असा बांधावा की पुढे सोडणाऱ्याच्या तोंडी शिवी येऊ नये, हे त्याचं म्हणणं. परक्याच्या गाडीत बोटभर तारसुद्धा तो फ्यूजशिवाय टाकायचा नाही. स्वतःच्या गाडीत मात्र दिव्याखाली अंधार.

"त्याने कशाला असलं काही केलं असेल?"

मीटरबाईला तेव्हा आठवलं. जाण्याच्या आदल्या आठवड्यात दादा हात पुसत म्हणाला होता, चिमणीला अंधाराची भीती वाटते ना, तिच्यासाठी एक गंमत करतोय गाडीत, सगळं झालंय, एक जोड तेवढा राहिलाय. तिने विचारलंही नव्हतं काय ते. हाती गिऱ्हाईक होतं.

तार पायपुसण्यांखालून मागे गेली होती आणि मागच्या सीटमागे पत्र्यात शिरली होती. पुढे डिकी. डिकीचं अस्तर चारही बाजूंनी चिकटवलेलं. नेमकं कुठे फाडायचं ते कळायला हवं. अशा वेळी दोघा भावंडांची एक रीत होती. एकाने डिकीत शिरायचं, दुसऱ्याने झाकण लावायचं. अंधारात आणि शांततेत रिलेची, म्हणजे आपोआप चालू-बंद होणाऱ्या खटक्याची, बारीक गुणगुण ऐकू येते, मीटरला जे दिसत नाही ते कानाला सापडतं. बाहेरच्याने उघडण्याआधी झाकणावर दोनदा ठोकायचं, म्हणजे आतल्याने डोळे मिटून घ्यायचे. आतल्याने तयार असल्याचं एकदा ठोकून सांगायचं.

शेजारच्या गाळ्यात डेंटरकाका पत्रा ठोकत होते.

"काका, जरा हातोडा ठेवता का? ऐकायचंय."

"ठेवतो की. चहाच पिऊन येतो. तू आत, झाकण बंद, आणि मी इथे हातोडा घेऊन उभा, उद्या लोक मलाच धरतील." ते खांद्यावरचा फडका झटकत निघून गेले.

ती स्टेपनीशेजारी अंग मुडपून झोपली. "लाव वहिनी. मी हाक मारली की उघड."

झाकण बसलं. फ्यूज काढलेले असल्याने डिकीचा दिवाही मेलेला. अंधार पूर्ण होता. रबराचा आणि जुन्या तेलाचा वास. तिने श्वास धरला. उजव्या कानाच्या वर गुणगुण होती, डासाहूनही बारीक. तिकडे मान वळवली तर अस्तराच्या विणीतून एक लाल ठिपका दिसला.

सापडलं, असं ती मनाशी म्हणाली तेवढ्यात डोक्यावर झाकण वाजलं. ठक, ठक.

वहिनीला घाई झाली असेल. सवयीने तिने डोळे मिटले आणि बोटांच्या पेरांनी एकदा ठोकलं. झाकण उघडलं नाही. ती थांबली. डोळे मिटलेले असतानाही लाल ठिपका अजून दिसतोय असं तिला वाटत राहिलं. शेवटी तिने हाक मारली तेव्हा कुठे झाकण वर गेलं.

"हाक मारायची ठरली होती ना," वहिनी म्हणाली. "मग ठोकलंस कशाला? दचकले ना मी."

"तू दोनदा ठोकलंस म्हणून."

"मी? मी त्या टायरांवर बसले होते."

डेंटरकाकांचा गाळा रिकामा होता. हातोडा जमिनीवर. मीटरबाईने झाकणाकडे पाहिलं, त्यावरच्या धुळीत वहिनीच्या तळव्याचे ठसे होते, लावतानाचे आणि उघडतानाचे. आणखी काही नव्हतं.

"पत्रा तापला की वाजतो," ती म्हणाली आणि अस्तर फाडलं.

काडेपेटीएवढी काळी डबी. तिच्यावर ठिपक्याएवढा लाल दिवा. एक तार बॅटरीकडून येणारी, एक पत्र्याला टेकवलेली, एक मागच्या काचेखाली लपवलेल्या, उजेड ओळखणाऱ्या मटाराएवढ्या डोळ्याकडे, एक वर छताच्या दिव्याकडे. उजेड असेतो डबीतला रिले दिवा अडवून धरणार, उजेड गेला की दोन-तीन तास सोडून ठेवणार. चिमणीची गंमत ती हीच. वाचता येण्यासारखी सरळ जोडणी होती. चार जोड.

तीन जोडांवरची टेप राखाडी, कडक, धुळीची. चौथा, छताच्या दिव्याकडे जाणारा, काळा कुळकुळीत होता. तिने त्याचं शेपूट नखाने उचललं. टेप ओल्यासारखी चिकटली, बोटाला डिंक लागला. खालचं तांबं नव्या नाण्यासारखं चकचकीत. डाव्या अंगाने गुंडाळलेला.

"जुनंच आहे ना सगळं?" वहिनी तिच्या खांद्यामागून विचारत होती. "त्याच्याच वेळचं?"

मीटरबाईने शेपूट पुन्हा जागेवर दाबलं. एकही आकडा तिने आजवर खोटा सांगितला नव्हता.

"जुनंच आहे. त्याने आधीच करून ठेवलं होतं, रिले अडकलेला असणार. दोन महिन्यांपूर्वी सुटला आणि दिवा लागायला लागला. असं होतं."

वहिनीने बोटाचा पट्टा सोडला. तिने मोठा श्वास घेतला, मग नाक ओढलं, मग हसली. "मेला. एक सांगून तरी जायचं ना."

मीटरबाईने चारही तारा तोडल्या, पुढची तार मुळापासून ओढून काढली. सगळे फ्यूज जागच्या जागी बसवले. आकडा उतरत उतरत ०.०२ वर येऊन थांबला. तो तिने वहिनीला दाखवला. वहिनीला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी तिने तो वाकून, नीट पाहिला आणि गाडी घेऊन गेली.

उन्हं उतरली. डेंटरकाका शटर ओढून गेले. मीटरबाई दिवा न लावता तशीच टेबलाशी बसली होती, समोर ती डबी, चार तोडलेल्या तारा चार दिशांना, एकही बॅटरीला जोडलेली नाही. फोन वाजला.

"अंधार पडला," वहिनी हळू आवाजात म्हणाली. "नाही लागला. बसली होती खिडकीत. मग आपणहून उठली, म्हणाली, बाबा गेले वाटतं. जेवतेय आता. ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

"तू ये गं उद्या. निघण्याआधी."

"येते."

टेबलावर टक असा बारीक आवाज झाला.

"काय पडलं?"

"काही नाही, वहिनी. तिला वाढ तू."

तिने फोन ठेवला. डबीवर लाल ठिपका होता. मीटरच्या दोन्ही सुया तिने आधी एकमेकींना टेकवल्या, शून्य. मग लाल सुई छताच्या दिव्याकडे जाणाऱ्या तारेच्या उघड्या टोकाला लावली, काळी सुई पत्र्याच्या तारेला, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबली.

१२.४ व्होल्ट.