गाभोळीचा अखंड काप

खुर्शीद रत्नागिरीतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. नवरा जैनुद्दीन बोटीवर, वर्षातले बरेच महिने दर्यावर. मुलगी आयात पुण्याला शिकायला गेली आणि खुर्शीदला संध्याकाळी घरी जावंसं वाटेना. कुलूप उघडायचं, दिवा लावायचा, एका माणसाचा भात टाकायचा. त्यापेक्षा प्रयोगशाळा बरी. अर्धवट सोडलेली पीएचडी तिने पुन्हा हाती घेतली ती अशी.

पावस गावाजवळच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, मिळणारा बोटभर मासा तिचा विषय. त्याच्या पोटात, हवेच्या पिशवीखाली, दोन बाजूंना दोन लांबट अंडाशयं असतात आणि मागे जाऊन ती एक होतात. आत अंडी कशी वाढतात हे पाहायला अंडाशय मेणात बसवून त्याचे पातळ काप काढावे लागतात. घोडं नेमकं तिथेच अडलं होतं. पिकलेल्या अंड्यात बलक भरला की ते ठिसूळ होतं; पातं लागलं की तडकतं. महिनोन्‌महिने तिच्या काचपट्ट्यांवर नुसत्या भेगा आणि चुरा.

त्या शुक्रवारी तिने मेणाची वडी बराच वेळ बर्फाच्या पाण्यात ठेवली, मग पातं चालवलं. कापांची फीत सलग निघाली. रंगवून तिने ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

एकही अंडं फुटलं नव्हतं. भिंतीपासून आत आलेल्या घड्या, त्यांना बिलगलेली निळी, बारकी अंडी, आणि शेजारी गुलाबी बलकाने टम्म फुगलेली मोठी. एकाच अंडाशयात सगळ्या वयाची.

तिने जैनुद्दीनला फोन लावला. लागला नाही. मग आयातला.

"आयात, अगं काप जमला! एकही अंडं तडकलं नाही."

"ते माशांचं ना? भारी, अम्मी!" मागे मुलींचा हसण्याचा गलका. "आम्ही बाहेर खायला आलोय. नंतर करू?"

"कर."

झाडू घेऊन जनी आत आली. ती कॉलेजात साफसफाई करायची.

"जने, इकडे ये. बघ."

जनीने एक डोळा मिटून पाहिलं. "गाभोळीच की ही, आम्ही तळून खातो ती! ही बारकी कधी बाहेर पडायची?"

"मोठी गेल्यावर. मग ती वाढतात."

"आणि मोठी पडलीच नाहीत तर?"

"मग अंडाशय त्यांना आतल्या आत जिरवून टाकतं."

"अगो बाय!" जनी आणखी वेळ बघत राहिली. मग घाईने सरळ झाली. "मॅडम, माझी एसटी जायची."

ती गेली. खुर्शीद एकटीच पुन्हा नळीला डोळा लावून बसली. उजेड होता तोवर तिने चित्र काढलं, सावकाश, एकेक अंडं. घरी आल्यावर फोन उशाशी ठेवला.

आयातचा फोन रविवारी आला. मेस बदलायची होती, जुनी चादर विरली होती, मैत्रिणीला डेंग्यू झाला होता. खुर्शीदने सगळं नीट ऐकलं, चादर पाठवते म्हणाली.

"तुझं काय चाललंय, अम्मी?"

"काही नाही गं. नेहमीचंच."

सोमवारी लवकर जाऊन तिने दुसरी वडी बर्फाच्या पाण्यात सोडली.