डाग हलले

माझी सून मोनिका डॉक्टर आहे, पण नाडी धरत नाही, सुई टोचत नाही, गोळी लिहून देत नाही. वाकडच्या एका हॉस्पिटलात अंधाऱ्या खोलीत बसून ती लोकांच्या छातीपोटाचे फोटो वाचते. त्यामुळे गावात तिचं नाव पडलं 'फोटोवाली डॉक्टरीण'. लग्नात 'डॉक्टर सून आणली' म्हणून मीच सगळीकडे मिरवलं होतं, त्यामुळे हे नाव ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची. चाकणजवळच्या आमच्या गावात शेतांवर कंपन्या उभ्या राहिल्या, जिभा मात्र जुन्याच राहिल्या.

मला दोन वर्षांपासून दमा. यंदा उन्हाळ्यात खोकला वाढला, ताप येऊ लागला आणि डाव्या पायाचा पंजा बधिर झाला. चप्पल पायातून कधी निसटली तेही कळेना. चौकातल्या डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढला. माझा मुलगा गणराज अंगणात उभा राहून मोनिकाला फोनवर म्हणाला, "आईच्या छातीत दोन डाग निघालेत." शेजारच्या रुक्मिणीबाईंनी ते कुंपणापलीकडून ऐकलं. आता आमच्याकडे डाग म्हणजे दागिनासुद्धा. संध्याकाळी तिघीचौघी चहाला हजर झाल्या. केसरबाईनं, म्हणजे मी, पोलक्यात लपवलेले नवे डाग त्यांना बघायचे होते.

मी म्हटलं, "फुफ्फुसाला हायेत गं बायांनो. काढून दावू व्हय?"

टीबी असेल म्हणतात, असं कळल्यावर अर्धे कप तसेच ठेवून त्या उठल्या.

टीबीचं औषध सुरू झालं. ताप काही हटेना. महिन्याने पुन्हा एक्स-रे काढला. मोनिकाने दोन्ही फिल्म दवाखान्याच्या खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरल्या. पहिल्या फिल्ममध्ये डाग उजवीकडे होते. दुसरीत उजवी बाजू साफ आणि डाग डावीकडे. चौकातले डॉक्टर हसून म्हणाले, "एक फिल्म उलटी धरलीत, मॅडम."

"हृदयाची सावली दोन्हींत डावीकडेच आहे, सर," मोनिका म्हणाली. "फिल्म सरळच आहे. डाग हललेत. टीबीचा डाग असा महिन्यात घर बदलत नाही."

तिने मला वाकडला नेलं. तिथे सीटी स्कॅन झाला, रक्त तपासलं, फुफ्फुसात नळी घालून पाणी काढलं. त्यात टीबीचे जंतू सापडले नाहीत. मग तिने मला समोर बसवून सांगितलं, "आई, रोगाशी लढायला आपल्या अंगात एक फौज असते. तुमची फौज तुमच्यावरच उलटलीय. दमा, पाय, हे फिरते डाग, सगळं त्या एकाच आजाराचं. लाखात एखाद्यालाच होतो." खोटं कशाला बोलू, मला आजाराचासुद्धा थोडा अभिमान वाटला.

पण तिथल्या मोठ्या डॉक्टरांची पूर्ण खात्री पटेना. या आजाराला औषध स्टिरॉइडचं, तेही मोठ्या डोसाचं. आत कुठे टीबी दडलेला असेल तर तो त्या औषधाने भडकणार. आणि मोनिकाचं खरं असेल, तर थांबण्यात पाय जाणार, पुढे हृदयावरही बेतणार. घरच्यांनी विचार करून सांगा, असं ते म्हणाले.

आमच्या घरी विचार म्हणजे भांडण. यजमान म्हणाले, "मोठ्या डॉक्टरला उमगंना, ते हिला उमगलं व्हय?" पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते असं. गणराज एकदा बापाकडे बघे, एकदा बायकोकडे. ना नवरा म्हणून शोभला, ना मुलगा म्हणून.

मोनिका स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती.

"आई, मी चुकले तर?"

"तर मी मरंन."

"आणि सगळे म्हणतील, सुनेनं सासूला मारलं."

तेव्हा मला कळलं, पोरीला तिच्या फोटोंबद्दल शंका नव्हतीच. तिला भीती होती ती आमच्या गावाची. मला तिची दया आली आणि गावाचा संताप. मी पदर खोचला, काठी घेतली आणि पाय ओढत देवळात गेले. हरिपाठ संपून बाया अजून बसलेल्या होत्या.

"ऐका गं," मी म्हटलं. "उद्यापासून मी सुनंच्या सांगण्यावरनं औषध घेणार हाय. मेले तर माझ्या मर्जीनं मेले. तिच्याकडं कुणी बोट दावलं, तर मेल्यावरबी येऊन ते बोट मोडीन."

कुणी हसलं नाही. रुक्मिणीबाईंनी "व्हय" म्हणून मान हलवली. मागे दारात मोनिका उभी होती, माझ्या मागोमाग आली असावी. परत येताना तिने माझा हात धरला आणि मी तो सोडवून घेतला नाही.

औषध लागू पडलं. आठवड्यात ताप उतरला, पुढच्या फोटोत छाती स्वच्छ दिसली. पायाच्या नसेचा तुकडा तपासायला पाठवला होता, त्याचा निकाल उशिरा आला, पण तोही मोनिकाच्याच बाजूने. पंजा अजून अर्धा बधिर आहे, पण चालते मी.

मागच्या महिन्यात वाकडच्या हॉस्पिटलात मोनिकाने माझे फोटो पडद्यावर लावून सगळ्या डॉक्टरांना समजावून सांगितले. मी हट्टाने पुढच्या खुर्चीत बसले होते. सगळं इंग्रजीत चाललेलं, मला फक्त माझी छाती ओळखू आली. पण मोठमोठी माणसं माझ्या सुनेचं बोलणं माना डोलावत ऐकत होती. माझा ऊर भरून आला. हिला फोटोवाली म्हणणारं सगळं गाव टेम्पोत भरून आणायला हवं होतं, असं वाटलं.

शेवटी बाहेरून आलेले एक वयस्क डॉक्टर माझ्याजवळ आले. म्हणाले, "बाई, सगळे बिचकत असताना तुम्ही मुलीवर एवढा विश्वास टाकलात. हे आईच करू जाणे."

मोनिका काही बोलणार होती. मी तिला हातानेच थांबवलं.

"आईनं लेकीचं ऐकलं तर त्यात काय नवल, डॉक्टरसाहेब?" मी म्हटलं. "मी सासू हाय तिची."