त्रेचाळिसावं पान

मित्रांनो, मी एक जुना गठ्ठा आहे. पुठ्ठ्याच्या बांधणीमुळे मी पुस्तकासारखा दिसतो, पण माझ्या पोटात एका मासिकाचे वर्षभराचे बारा अंक आहेत. वाचनालयात पुस्तकांचा तोरा मोठा. त्यांच्या पाठीवर लेखकाचं नाव असतं, ती घरोघरी जातात, संपली तर पुन्हा छापतात. माझ्या पाठीवर फक्त साल आहे. मला कुणी घरी नेत नाही आणि पुन्हा कुणी छापणारही नाही.

बांधणीच्या वेळी बाइंडरने माझी मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकली. तशी रीतच आहे, नाहीतर गठ्ठा फार जाड होतो. एका अंकात साबणाची पानभर जाहिरात दिसली आणि त्याने ते पान टर्रकन फाडलं. मागच्या बाजूला काय आहे ते काही बघितलं नाही. तेव्हापासून त्या अंकात बेचाळीसनंतर एकदम पंचेचाळिसावं पान येतं. खरं सांगतो, त्या फटीत मला कुणाचा तरी श्वास जाणवतो. भीती वाटते.

बरीच वर्षं मला कुणी हात लावला नाही. मग एका दुपारी एक वयस्कर बाई आल्या. त्यांची लेक कॉलेजात असतानाच तापाने गेली होती. तिची एकच कविता छापून आली होती, ती माझ्यात. घर आवरताना बाईंनी लेकीची पुस्तकं जपून ठेवली आणि मासिकं रद्दीत घातली.

"मीच घातली हो," त्या ग्रंथपालांना म्हणाल्या.

ग्रंथपालांनी अनुक्रमणिका बघून पानं उलटली, तर कवितेचं त्रेचाळिसावं पान नव्हतंच. पुस्तक असतं तर दुसरीकडून मागवलं असतं, असं काहीसं चाचरत बोलले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई मात्र बेचाळिसाव्या पानाकडे टक लावून बघत होत्या. तिथे खाली अर्धी जागा कोरी होती. समोरच्या पानाची ओली शाई छापतानाच तिथे लागली होती, फिकट आणि उलट्या अक्षरांत. त्यांनी पर्समधला आरसा काढून पानाजवळ धरला. लेकीचं नाव दिसलं. त्याखाली एकच ओळ वाचता आली.

"दार नुसतं लोटून ठेव, आई, मी येतेच आहे."

बाई कितीतरी वेळ पानावर हात ठेवून बसल्या. "मिटू नका एवढ्यात," इतकंच म्हणाल्या.

आता मला कुणीही हातात घेतलं की मी आपोआप तिथेच उघडतो. मित्रांनो, आम्हा मासिकांचं आयुष्य महिन्याभराचं, हे खरं. पण कुणाचं तरी जन्मभरातलं एकुलतं पान आमच्यातच छापलेलं असतं. फाडायच्या आधी ते एकदा वाचून बघा.