कापशीच्या खुराड्यावरचा पहारा

कापशी व्याली त्याला दोन दिवस झाले होते, आणि दोन्ही दिवस शालूबाई तिच्या खुराड्यासमोरून हलली नव्हती.

ससे आणले मानसिंग सुभेदारांनी. एकाहत्तरची लढाई बघून ते पेन्शनीत आले आणि पाचगणीच्या कुणा बंगलेवाल्याकडून लांब केसांच्या तीन माद्या नि एक नर एसटीच्या टपावर घालून घरी घेऊन आले. उसाच्या गावात ससे! केस कातरायचे, लोकर विकायची, असा बेत. शालूबाईच्या गळ्यात तुळशीची माळ; लोकरीपुरतंच म्हटल्यावर तिनं बायको म्हणून घ्यायचे तेवढेच आढेवेढे घेतले. पण त्या माद्यांतल्या कापशीची पहिली पिलं थंडगार होऊन गेली तेव्हा सुभेदार म्हणाले होते, "आता दुसरं वेत पण गेलं, तर समदी पलटण पाचगणीला परत." तोवर रोज घास कापून घालता घालता शालूबाईचा जीव त्या तांबड्या डोळ्यांत अडकला होता.

म्हणून हा पहारा. खुराड्यातल्या पेटीत पाच पिलं, उघडीबोडकी, डोळे मिटलेली, बोटाएवढी. कापशीनं स्वतःच्या छातीचे केस उपटून त्यांना अंथरूण केलं होतं. एवढं केलं आणि बया जी बाहेर येऊन बसली, ती पेटीकडं फिरकेना.

"ही कसली गं आई?" शेजारची रंगूबाई म्हणाली.

शालूबाईला राहवेना. कुणाचंही कीर्तन असो, ही पुढच्या रांगेत. बुवांना अभंग आठवला नाही तर सांगणार ही. तिनं कापशीपुढंच निरूपण सुरू केलं. पूर्वरंगात आईचा धर्म सांगितला. उत्तररंगात यशोदामाई आली, लोण्याचा गोळा आला, डोळ्यांत पाणी आलं. ते शालूबाईच्याच. कापशीनं कान उभे करून सगळं ऐकलं आणि घासाची नवी काडी उचलली.

"ऐकतीया की," सुभेदार म्हणाले. "तुज्या देवळात निम्मी माणसं झोपत्यात."

"थट्टा सुचतीया! आवं, पोटं बघा पिलांची. सुरकुतल्यात."

सुभेदारांनी वाकून पाहिलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे काकड्याचा मान त्यांच्या घराचा. कार्तिकात रोज एकेका घरानं देवळात काकडा पेटवायचा. मान चुकवला तर देव काही म्हणाला नसता, पण गाव म्हणालं असतं. शालूबाईनं सुभेदारांना उठवून खुराड्यापुढं बसवलं.

"आरती करून येती. डोळ्याला डोळा लागता कामा न्हाई."

"अगं, मी सरहद्द राखलीया."

"सरहद्दीवर पिलं नव्हती."

देवळात तिनं काकडा पेटवला, टाळ धरला, पण ताल सुटत होता. कमरेवर हात ठेवून उभ्या देवाला ती मनात म्हणाली, नुसतं बघत काय उभा ऱ्हायलास?

परत आली तेव्हा फटफटलं होतं. सुभेदार खांबाला टेकून, घोंगडं पांघरून खुशाल घोरत होते.

"आवं! पहाऱ्यावर झोपलासा?"

सुभेदार धडपडून ताठ उभे राहिले. "कोन हाय तिकडं?"

तिनं पेटीत हात घातला तो तिथंच थांबला. पिलं ऊबदार होती. पाचही पोटं टम्म, पातळ कातडीतून आतलं पांढरं दूध दिसावं इतकी. पलीकडच्या कोपऱ्यात कापशी मिशा साफ करत होती, जशी काही या घरात पाहुणी आलेली.

"पाजलं हिनं! कवा?"

"मला काय ठावं? मी झोपलो हुतो."

शालूबाई मटकन खाली बसली. "मी हितं बसलेली, म्हणून ही जाईना. मागच्या येळंला पण मीच..." तिनं पदर डोळ्यांना लावला.

"एवढं रंगलेलं कीर्तन सोडून कशी जाईल गं ती?" सुभेदार हलकेच म्हणाले.

रडता रडता तिला हसू फुटलं. तिनं खुराड्यावर गोणपाट सोडलं. तेवढ्यात रंगूबाई फोडायच्या शेंगांचं सूप घेऊन आली. "गेली का गं पिलं?"

"हळू बोल. आत चल, च्या टाकती."

चहा झाला. शालूबाई उठली. "गोणपाट तेवढं सरळ करून येती."

"बस खाली," सुभेदार म्हणाले.

"वाऱ्यानं उडालं असंल."

"वारा न्हाई."

रंगूबाईनं सूप तिच्यापुढं सरकवलं. शालूबाई शेंगा फोडू लागली. तोंड मात्र दाराकडं.