उरलेले पंधराशे युआन

सकाळी देव्हाऱ्यासमोरचे तीन पेले धुवायचे, त्यांत नवा चहा ओतायचा, उदबत्ती लावायची आणि मग एकशे आठ मण्यांची माळ. बावीस वर्षांत हे कधी चुकलं नाही. चांद्र नववर्षाच्या आधीच्या त्या आठवड्यात मात्र माळ पुरी होईना. साठाच्या आसपास मोजणी सुटायची. पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरू करावं, तर चाळिसातच सुटायची. मला दुसराच एक आकडा म्हणायला सांगितला होता ना. अठराशे.

सांगणारी बी-यू. तिचे आमचे लसणाचे वाफे बांधाला बांध लावून आहेत. सहल काढायची, वर्गणी गोळा करायची, मयताला माणसं जमवायची, गावातलं असं सगळं तीच करते. दोन वर्षांपूर्वी भरदुपारी माझ्या नवऱ्याची, चुन-श्योंगची, उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा लसणाच्या पोत्यांच्या टेम्पोत त्याला घालून इस्पितळात नेलं तेही बी-यूनेच. मी मागे त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तेव्हाच समुद्रदेवी माझू मातेला बोलले, हा काठीशिवाय अंगणात उतरला, तर मी माझ्या कष्टाच्या पैशाने तुझ्या मोठ्या देवळात येईन आणि पालखीखालून गुडघ्यांवर जाईन.

गेल्या सप्टेंबरात तो उतरला. ऑक्टोबरात बी-यूने बस काढली, त्याच देवळाची. दोन दिवस, राहणं-जेवण धरून तीनशे युआन.

"तीनशेत काय होतं गं?" मी म्हटलं. "डिझेलसुद्धा यायचं नाही."

"गावच्या देवळाच्या समितीकडे शिल्लक आहे. तू नवस फेडायला येतेस की हिशेब तपासायला?"

तरी मी घरी देवीपुढे कौल लावला. दोन्ही चंद्रकोरी लाकडं टाकली, एक उताणी पडली, एक पालथी. म्हणजे होकार. तीनदा टाकली, तीनदा तेच. आता वाटतं, मी 'जाऊ का' एवढंच विचारलं. कोणाच्या पैशाने, ते विचारलंच नाही. देवी तरी विचारलं त्याचंच उत्तर देणार.

मोठ्या देवळात पालखीखालून गुडघ्यांवर गेले. परतीच्या वाटेवर हमरस्त्याच्या थांब्यावर होंग सरपंच बसमध्ये चढले. महिन्यावर निवडणूक आलेली. त्यांनी सगळ्यांना हात जोडले आणि म्हणाले, "मी मतं मागायला आलेलो नाही, ते नियमात बसत नाही. तुमचा प्रवास सुखाचा व्हावा म्हणून माझू मातेपुढे तीन उदबत्त्या लावून आलो, एवढंच सांगायचं होतं." आणि तीन बोटं वर केली. मतपत्रिकेवर त्यांचा क्रमांक तीन.

माझ्या मागे बसलेला म्हातारा आ-बान ओरडला, "सरपंच, मागल्या निवडणुकीला एकच लावली होती की हो! उदबत्त्या स्वस्त झाल्या का?"

सगळी बस हसली. मीही हसले.

सरपंच एकोणीस मतांनी निवडून आले. बसमध्ये आम्ही बेचाळीस जण होतो. त्यांच्याविरुद्ध शाळेतल्या फांग बाई उभ्या होत्या. त्या दर आठवड्याला आपला प्रचाराचा खर्च कागदावर लिहून देवळाच्या भिंतीला चिकटवायच्या. छपाई इतकी, कर्ण्याची बॅटरी इतकी, चहा इतका. लोक तो कागद वाचायचे आणि हसायचे. "बाईंनी पाण्याच्या बाटल्यापण मांडल्यात बघा!" असा खर्च मांडणारा माणूस आपल्यासाठी कधी हात सैल सोडायचा नाही, असं गावाने ठरवलं.

जानेवारीत तपास कार्यालयाच्या नोटिसा आल्या. अशा सहलीचा खरा दर माणशी अठराशे. उमेदवाराने तो भरून लोकांकडून तीनशेच घेतले असतील, तर ती मतांची खरेदी आणि घेणाराही दोषी. बेचाळीस घरांत बेचाळीस नोटिसा.

त्याच संध्याकाळी बी-यू मुळ्याच्या वड्या घेऊन आली. माझ्यासाठी वेगळ्या, कोळंबी न घालता.

"अठराशे दिले म्हणायचं," ती म्हणाली. "सगळ्यांनी एकच आकडा. अवघड काय आहे त्यात?"

"बी-यू, मला खोटं न बोलण्याचं व्रत आहे."

"माहीत आहे गं बाई मला तुझं व्रत! मग आठवत नाही म्हण. आपल्या वयात विसरणं म्हणजे खोटं नाही."

"पण मला आठवतंय."

वडीचा तुकडा तिच्या हातातच राहिला. "तुला आठवतंय. आणि तुझ्या आठवणीपायी मी तुरुंगात जायचं? समितीकडे शिल्लक नव्हती, पैसे सरपंचांचे होते, बरं! पण गोळा मी केले. पहिलं मानगूट माझं धरतील." मग आवाज खाली आणून, भिंतीकडे बघत म्हणाली, "चुन-श्योंगदादा कसे आहेत?"

ती गेल्यावर मी स्वच्छ पेले पुन्हा धुतले. झाडलेलं अंगण झाडलं. चुन-श्योंग खुर्चीतून बघत होता. "बस की जरा," म्हणाला. बसले, की उठावंसं वाटे. पैसे सरपंचांचे, म्हणजे नवस माझ्या कष्टाचा झालाच नाही. आणि खरं बोलले तर बी-यू जाते, नाही बोलले तर व्रत जातं.

चार दिवस असे गेले आणि एका पहाटे उठतानाच सुचलं. इतकं सोपं की मला हसू आलं. पंधराशे कमी पडतात ना? देऊन टाकू. मग अठराशे दिले हे खरंच होईल. नवसही माझ्या पैशाचा होईल, बी-यूही सुटेल. लसणाचे आलेले पैसे डब्यात होते. ते लाल पाकिटात घालून तिच्या दारात गेले.

"हे काय?"

"उरलेले. आता माझे अठराशे झाले."

बी-यू पाकिटाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. आणि एकदम मला मिठीच मारली. "आलिएन, अगं तुझं डोकं आहे की काय!"

मी हलकी होऊन घरी आले. त्या सकाळी माळ पुरी झाली, एकशे आठ.

दुपारी आ-बान दारावरून जाताना म्हणाला, "वहिनी, युक्ती एकदम झकास! देवभक्त माणसाचं डोकं चालतं ते असं."

"कसली युक्ती?"

"पंधराशेची हो! बी-यूच्या अंगणात रांग लागलीय, बघा जाऊन."

गेले. रांग खरंच होती. बी-यू टेबल मांडून बसली होती आणि पावत्या फाडत होती, प्रत्येक पावतीवर ऑक्टोबरची तारीख. सूर्यफुलाच्या बिया फोडत बायका उभ्या होत्या.

"आ-बानकाका, तुम्ही आणले कुठून पंधराशे?" कोणीतरी विचारलं.

"सरपंचांनी दिले. माझ्याकडे नाहीत म्हटलं, तर लगेच काढून दिले. त्यांच्याकडून घ्यायचे, इथे भरायचे, संध्याकाळी ते परत त्यांच्या घरी. पैशालासुद्धा तीर्थयात्रा घडते!"

सगळे हसले. बी-यूने माझी पावती आधीच करून ठेवली होती. "ही घे, तुझी पहिली." मी ती घेतली. माझ्या अक्षरातलं त्यात काही नव्हतं, तरी ती मीच लिहिली असं वाटलं. एकटी खोटं बोलले असते, तर ते एकाच तोंडाचं खोटं असतं. आता बेचाळीस तोंडांना मी शुद्ध खोटं शिकवून ठेवलं होतं.

त्या दिवसापासून माळ हातात धरवेना.

जबानीच्या दिवशी बी-यूच्याच स्कूटरवर मागे बसून तालुक्याला गेले. वाटेत ती दोनदा म्हणाली, "विचारतील तेवढंच बोल." माझा नंबर आधी लागला. आत तपास अधिकारी म्हणून एक मुलगी होती, माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची. तिने गरम पाणी पुढे केलं.

"आजी, सहलीचे किती दिलेत?"

"अठराशे."

"पावती?"

मी टेबलावर ठेवली. तिने ती कंटाळून बघितली. सकाळपासून तशाच पावत्या बघत असावी. लिहून घेतलं, मला सही करायला लावली. "झालं. या तुम्ही."

माझ्या तोंडून एक अक्षर खोटं गेलं नव्हतं. मी उठले, दारापर्यंत गेले. कडीला हात लावला. हात लावूनच उभी राहिले.

"आजी? काही विसरलात का?"

"बाई, पैसे कधी दिले ते तुम्ही विचारलंच नाही."

तिची लेखणी थांबली.

"तीनशे ऑक्टोबरात दिले. पंधराशे परवा, नोटीस आल्यावर. पावतीवरची तारीख खोटी आहे. आणि पैसे मागाहून भरायची कल्पना माझी. बी-यूला ती सुचली नव्हती, कोणालाच सुचली नव्हती. मी गेले नसते तर ती रांगच लागली नसती."

"बसा," ती म्हणाली. आता ती कंटाळलेली दिसत नव्हती. "हे तुमच्यावरही येईल, कळतंय ना?"

"कळतंय. एक विचारू? बी-यूने स्वतः होऊन सांगितलं तर?"

"स्वतः सांगणाऱ्याला सवलत असते. पण आत आल्यावर आधी त्यांनी सांगायला हवं. मी विचारायच्या आधी."

बाहेर बाकावर बी-यू बसली होती. मांडीवर दोन्ही हेल्मेटं, तिचं आणि माझं.

"बराच वेळ लावलास गं. अठराशेच म्हणालीस ना?"

"म्हणाले. आणि कधी दिले तेही सांगितलं."

मी तिच्या शेजारी टेकले. समोरच्या माणसाने वर्तमानपत्राचं पान उलटलं.

"बी-यू, ऐक. आत जाशील तेव्हा ती विचारायच्या आधी तूच सांग. पैसे सरपंचांचे होते, ते सांग. तुझी शिक्षा कमी होईल, मी विचारून आलेय."

"विचारून आलीस." ती हळूच म्हणाली. "माझ्यासाठी विचारून आलीस. त्या दुपारी टेम्पोत घालताना मी कोणाला विचारलं होतं गं? डिझेल कोणाचं, रस्ता कोणाचा?"

आतून तिचं नाव पुकारलं. बी-यू उठली, ब्लाऊज खाली ओढून सारखा केला, केसांवरून हात फिरवला. दोन्ही हेल्मेटं तिने माझ्या मांडीवर टाकली, जोरातच.

"आधी बोलायचं, नाही का? ती विचारायच्या आधी?"

"हो."

"आणि नाहीच बोलले तर?"

"तरी मी इथेच बसलेय."

"बसशील नाही तर काय," ती म्हणाली, "स्कूटरची किल्ली माझ्याकडे आहे," आणि आत गेली.

दार लागलं. काचेतून तिची पाठ तेवढी दिसत होती. ती खुर्चीवर टेकायच्या आधीच तिचा एक हात वर झाला, काहीतरी सांगायला सुरुवात करताना तिचा होतो तसा. ऐकू काही येत नव्हतं. मी उठले, बसले, पुन्हा उठून काचेजवळ गेले.