दोरीचं पान

सुगंधी फाईल उघडली आणि हेडमास्तरांना शिसारी आली. निवृत्त झाले तरी सगळे त्यांना हेडमास्तरच म्हणत. कायम शिक्षिकेच्या जागेसाठीच्या निवड समितीत संस्थाचालक आणि मुख्याध्यापिकाबाईंबरोबर तेही बसले होते. शिक्षिकेच्या कामाला अत्तर कशाला लागतं, हे त्यांना कळेना. फाईल संस्थाचालकांच्या सूनबाईंची होती.

पण दोष कुणाला द्यायचा? ही योजना त्यांचीच. नुसत्या मुलाखतीत वशिल्याची तट्टं पुढे जातात, त्यापेक्षा उमेदवाराने आपल्या कामाची फाईल आणावी, काम आपोआप बोलेल, असं त्यांनीच संस्थेला पटवलं होतं. पेपरात फोटोही आला होता.

चौदाव्या पानावर कुणा पोराचं गणित होतं. पाव हा अर्ध्यापेक्षा मोठा, कारण चार हे दोनपेक्षा मोठे. खाली लाल शाईत शेरा: 'दोरी कापून बघ, मग सांग.' त्याखाली वाकड्या अक्षरात: 'बघितली. अर्धा मोठा.' हेडमास्तर खूश झाले. मग शेवटची फाईल उघडली, सहा वर्षं याच शाळेत हंगामी असलेल्या बाईंची. त्यातही तेच पान. त्यांनी पानामागून अंगठा फिरवला. पेन दाबून लिहिल्याचे उंचवटे लागले. सूनबाईंचं पान मागून सपाट होतं.

त्यांनी दोघींना आत बोलावून विचारलं, हे कुणाचं गणित?

"फार हुशार मुलगा होता, सर. पहिला आला," सूनबाई म्हणाल्या.

"मुलगी आहे, सर," बाई म्हणाल्या. "कपडे वाळत घालायची दोरी कापून आली होती. आईने चांगलं बदडलं. आता सातवीत आहे, खालीच बसलीय. बोलावू?"

"काही गरज नाही," संस्थाचालक म्हणाले आणि दोघींना बाहेर पाठवलं.

बाईंची फाईल गेल्या वर्षीही जमा झाली होती आणि महिनाभर ऑफिसात पडून होती. कागदपत्रं घेऊन कोपऱ्यात बसलेला ऑफिसचा कारकून खिडकीबाहेर बघत बसला. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. गुणपत्रकात मांडणीला वीस गुण, छपाईला दहा. खरेपणाला रकानाच नव्हता. बेरजेत सूनबाई पहिल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी मूग गिळून सही केली. संस्थाचालकांनी कागद पुढे सरकवला. "बोभाटा झाला तर योजनेचं नाव खराब होईल, सर. तुमचंच नाव."

हेडमास्तरांनी सही केली. सही नेहमीसारखी वळणदार आली, याचीच त्यांना जास्त किळस वाटली.

या वेळी फाईल परत मिळायची नाही, म्हणून त्यांनी बाईंच्या फाईलमधलं ते पान तेवढं काढून घेतलं आणि जिन्यात बाईंना गाठून हातात दिलं. निकाल संध्याकाळी लागायचा होता. बाईंनी पानाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"सही केलीत, सर?"

"हो."

बाईंनी पान घडी न घालता पर्समध्ये सरकवलं. "योजना चांगली होती हो तुमची," त्या म्हणाल्या. "मी तर विश्वास ठेवून अस्सल पान लावलं होतं."

तास सुरू झाला होता. त्या सातवीच्या वर्गात गेल्या.