सेझिमची चाल

पाहुणे यायच्या आतच बुरूलने हार मानली होती. सासूबाईंनी बोरसोकचे कणकेचे तुकडे तळता तळता, मान वर न करता सांगितलं, "सेझिमला आज मागच्या खोलीतच ठेव. पोराचं पहिलं पाऊल आहे, उगीच सावली नको."

एरवी बुरूल भांडली असती. गेली दोन वर्षं ती भांडतच होती. लेकीला शाळेत घ्या म्हणून मुख्याध्यापिकेशी, वर्ग खालच्या मजल्यावर आणा म्हणून शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांशी. वर्ग काही खाली आला नाही. पायांनी अधू असलेली सात वर्षांची सेझिम रोज आईच्या पाठीवर बसून जिना चढायची. आज बुरूलची कंबर इतकी दुखत होती की भांडायचंही बळ नव्हतं. "बरं आपा," म्हणाली, आणि लेकीला चित्रांचं पुस्तक देऊन मागे बसवून आली.

धाकट्या जावेचा, जिल्दिझचा मुलगा चालायला लागला होता. रीतीप्रमाणे त्याच्या पायांत काळ्यापांढऱ्या लोकरीची दोरी बांधायची, लांबून मुलांनी धावत यायचं, आणि पहिल्या येणाऱ्याने ती सुरीने कापायची. कापणाऱ्याची चाल पोराला लागते म्हणतात. म्हणून तर सासूबाईंनी गल्लीतली सगळ्यात चपळ पोरं बोलावली होती.

पोरं आली ती बर्फावरची लाकडी गाडी ओढत. पुढे मेरिम, सेझिमच्या वर्गातली, नाक पुसत.

"सेझिम कुठंय?"

"झोपलीय," सासूबाई म्हणाल्या.

"मग गाडीत कोण बसणार?" मेरिम वैतागली. "शाळेमागच्या उतारावर आम्ही तिच्यामुळेच जिंकतो. ही बाकीची वळणावर डोळे मिटून घेतात!"

"मी नाही मिटत!" मागून कोणीतरी ओरडलं.

"मिटतोस. आणि आईला हाकही मारतोस."

बुरूल हातात चहाची किटली घेऊन उभी होती. पोरं कीव करून बोलावत नव्हती. त्यांना जिंकायचं होतं. सासूबाई तिच्याकडे बघत होत्या. आता गप्प बसणं सोपं होतं. बुरूलने किटली खाली ठेवली.

"जागी आहे ती. मागच्या खोलीत. जा, घेऊन या. आणि टोपी घाला तिला."

शर्यत कसली, गोंधळच. कुत्रं मध्ये आलं, एकाचा बूट बर्फात रुतून राहिला. मेरिम गाडीची दोरी ओढत सुटली आणि सेझिम गाडीतून "डावीकडे! अगं, डावीकडे!" ओरडत राहिली. शेवटच्या उतारावर मेरिम पाय घसरून पडली, गाडी तिला मागे टाकून एकटीच आली आणि दोरी बांधलेल्या पोराच्या पायांशी येऊन थांबली. सेझिमने तबकातली सुरी उचलून दोरी कापली.



"अगं बाई," सासूबाई हळूच म्हणाल्या. "आता हिची चाल लागणार त्याला."

जिल्दिझने पोराला बगलेत धरून उभं केलं. "लागू दे, आपा. त्याच्या बापाची तरी कुठं सरळ आहे?"

बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. बाप शेकोटीपाशी काही ऐकलंच नाही असा उभा. पोरानं चार पावलं टाकली आणि बर्फात बसकण मारली. सगळीच पोरं मारतात, पण सासूबाईंच्या तोंडावर जे आलं ते बुरूलला दिसलं. भीतीच होती ती, दुष्टपणा नव्हता. बुरूलला त्या भीतीचा राग करवेना.

जिंकणाऱ्याला द्यायचा रुमाल सासूबाईंच्या कमरेला खोचलेला होता. तो त्यांनी काढला, क्षणभर मेरिमकडे पाहिलं. मेरिम गुडघा चोळत म्हणाली, "मी तर मागेच राहिले." मग त्यांनी तो सेझिमच्या डोक्याला बांधला. जरा जास्तच घट्ट.

आत सेझिम आईच्या मांडीवर बसून बोरसोक चावत होती.

"आई, माझी दोरी कोणी कापली होती?"

सासूबाईंचा हात चहा ओतता ओतता थांबला.

"तुझी बांधलीच नव्हती," बुरूल म्हणाली.

"मग कापायची गरजच नाही," म्हणून सेझिमने दुसरा बोरसोक घेतला.

उद्या सोमवार. पुन्हा तोच जिना, आणि रुमालाने पायऱ्या काही कमी होणार नव्हत्या. बुरूलने भिंतीला पाठ टेकली तशी कमरेतून कळ आली. सासूबाईंनी स्वतःच्या पाठीमागची उशी काढून तिच्याकडे सरकवली.

"टेक जरा. तोंड बघ कसं झालंय."